डॅशबोर्डवरचा चरा

"पण चाचा, दिसणार आहे कुणाला?"

मी तिसऱ्यांदा विचारलं. दोन दारांच्या त्या पिवळ्याधमक स्पोर्ट्स कारमध्ये दस्तगीरचाचा ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते आणि एसीच्या जाळीपाशी नुसता अंगठा फिरवत होते.

मी बाहेर उभा. छाती फुगलेली. का नाही फुगणार? आतलं सगळं काम मी एकट्यानं केलं होतं. डॅशबोर्ड, दारांच्या पट्ट्या, गिअरभोवतीचा भाग, सगळ्यावर राखाडी व्हिनाईलची फिल्म. कुठं बुडबुडा नाही, कुठं सुरकुती नाही. गाडी कंपनीतूनच अशी आली म्हटलं असतं तरी खपलं असतं.

चाचांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात आधी जीपचे हूड शिवले, मग रेक्झिनची सीटकव्हरं, आणि पन्नाशी उलटल्यावर हे व्हिनाईलचं काम शिकले. मी त्यांच्या हाताखाली पाच वर्षं काढली होती. इचलकरंजीत स्वतःचा गाळा घेतला होता. 'नेमिनाथ मगदूम' अशी पाटीसुद्धा रंगवून तयार होती. फक्त चाचांनी "जा" म्हणायचं राहिलं होतं. त्यांनी "जा" म्हटल्याशिवाय आम्हा शिकाऊ पोरांपैकी कुणीही दुकान उघडलेलं नाही.

ही गाडी बघून म्हणतील, अशी माझी खात्री होती.

"काल मी मागं चहा पीत होतो," चाचा म्हणाले. "फिल्मवर ब्लेड चाललं की आवाज येत न्हाई. खाली गाडीला लागलं की कुरकुरतंय... कुरकुरलं का न्हाई?"

"कुरकुरलं."

चाचांचा एक नियम होता. गाडीवर ब्लेड चालवायचं नाही. फिल्मखाली धाग्याची टेप चिकटवायची, फिल्म बसवायची आणि मग धागा ओढायचा. फिल्म खालून कापली जाते, गाडीला धक्का लागत नाही. पण वळणावर ती टेप बसवता बसवता जीव मेटाकुटीला येतो. आणि एसीच्या जाळीभोवती वळणंच वळणं. म्हटलं, एवढ्याशा जागेला कशाला हा खटाटोप? हात बसलाय की आपला! घेतलं ब्लेड.

ते खालच्या डॅशबोर्डला लागलं. बोटभर लांबीचा, केसाएवढा चरा. मी फिल्म गरम करून जराशी पुढं ओढली आणि चरा झाकून टाकला. विषय संपला, असं मला वाटलं होतं.

"चाचा, ही फिल्म चार-पाच वर्षं तरी निघत नाही."

"आन् निघंल तेव्हा?"

"तेव्हा कोण कुठं असेल!"

चाचा गाडीतून उतरले.

तेवढ्यात शिरगुप्पे साहेब आलेच. गाडी त्यांची. फौंड्रीवाला माणूस. वीस वर्षं भट्टीच्या धगीत काढून त्यांनी हौसेनं ही एक गाडी घेतली होती. येताना पेढ्यांचा बॉक्स आणला होता. आत डोकावले आणि हरखूनच गेले.

"आयला, चाचा! माझीच गाडी आहे ना ही?"

एकदा बसले, उतरले, परत बसले. दाराच्या पट्टीवरून हात फिरवला. चाळिशीतला माणूस, पण डोळ्यांत पाणी आलं हो त्यांच्या. मग बॉक्स फोडून पहिला पेढा त्यांनी चाचांच्या हातावर ठेवला.

चाचांनी तो तोंडात टाकला नाही.

"साहेब, आधी एक ऐका. एसीच्या जाळीजवळ फिल्मखाली चरा पडलाय. ब्लेड लागलंय."

शिरगुप्प्यांचा चेहरा उतरला. "कुणाकडनं?"

मी खाली बघितलं. आता माझं नाव येणार, आणि पाटी तशीच घरी पडून राहणार.

"माझ्याकडनं," चाचा म्हणाले.

...

शिरगुप्पे म्हणजे भला माणूस. मग त्यांनी चाचांच्या खांद्यावर हात ठेवला.

"राहू दे, चाचा. वय झालं आता. नजर कमी होणारच. यापुढं आमच्या गाड्या नेमूलाच करू देत. तयार झालाय की तो."

"व्हय साहेब," चाचा म्हणाले. "तयार झालाय."

हेच ऐकायला मी पाच वर्षं थांबलो होतो. ऐकलं, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गप्प बसलो असतो तर सगळं मिळत होतं. गाळा, पाटी, वर शिरगुप्प्यांसारखं गिऱ्हाईक. आणि आठ दिवसांत सगळ्या उद्यमनगरात झालं असतं की दस्तगीरचाचांचा हात गेला. ज्या हातानं माझा हात धरून मला पहिली फिल्म ताणायला शिकवली, तो हात. चाचा माझ्याकडं बघतसुद्धा नव्हते. पेढा हातात धरून उभे होते बिचारे.

"साहेब..." मी पुढं झालो. "ब्लेड माझं होतं."

"काय?"

"चाचांनी या गाडीला हातसुद्धा लावलेला नाही. धाग्यानं कापायचा नियम मी मोडला. चरा मी पाडला, आणि मीच झाकला."

शिरगुप्पे एकदा माझ्याकडं, एकदा चाचांकडं बघत राहिले. "अहो, मग तुम्ही का..."



मी आत शिरून जाळीजवळची फिल्म सोलून काढली आणि चरा दाखवला. साहेबांनी वाकून बघितला, नख लावून बघितला, मोठा सुस्कारा सोडला.

"पडला तर पडला. परत बसव, नेमू. धाग्यानं बसव. शनिवारी नेतो गाडी."

आणि उरलेले पेढे माझ्या हातात कोंबून गेले. मला वाटलं होतं, शिव्या घालतील. त्या माणसाचं नाव मी आजही मानानं घेतो.

चाचांबद्दल काय बोलू? आज माझ्या हाताखाली चार जण काम करतात. बुडबुडा कसा काढायचा, कोपरा कसा दुमडायचा, हे कुणीही शिकवलं असतं. त्या दुपारी मला जे मिळालं, त्याचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत, आणि फेडायची मला घाईही नाही. डोक्यावर असू देत.

साहेब गेल्यावर मी टेप काढली आणि जाळीभोवती इंच इंच चिकटवायला बसलो. चाचा शेजारच्या सीटवर येऊन बसले. एक वळण पुरं झालं, दुसरं झालं...

"चाचा, चुकलं माझं."

"हूं."

"इचलकरंजीचा गाळा सोडून देतो. अजून किती वर्षं थांबू तुमच्याकडं?"

चाचा हसले.

"थांबतोस कशाला, लेका? जा. आता तुझ्या दुकानात चरा पडला तरी मला घोर न्हाई."