बांधाखालची गोधडी

फार फार वर्षांपूर्वी एका राजाने डोंगराच्या दोन सोंडांमध्ये बांध घालून तलाव करायचं मनावर घेतलं. बांध केवढा म्हणाल? पायथ्याशी उभं राहून वर पाहिलं, तर डोक्यावरचं पागोटं मागे पडावं, एवढा!

पुरुष दगड रचत. बायका बांधाच्या पोटातली काळी माती पायांनी तुडवत. माती नीट तुडवली तरच पाणी अडतं. संध्याकाळी मुकादम मजुरी वाटायचा. पुरुषाला ज्वारीचं भरलेलं मापटं, बाईला अर्धं. दमायची मात्र दोघं सारखीच, बरं का!

त्या बायकांत एक तान्ह्या लेकीची आई होती. घरात दुसरं कमावणारं कोणी नाही. ती लेकीला बांधाखालच्या झाडाशी गोधडीवर निजवायची, मधूनमधून जाऊन पाजून यायची. अर्ध्या मापट्यात चूल एकच वेळ पेटायची.

एकदा धीर करून तिने विचारलं, "मुकादमदादा, माती तर मी पुरी तुडवते. मग मापटं अर्धं का?"

"तुझं निम्मं लक्ष पोरीकडे!" मुकादम खेकसला. "आणि ऐक, उद्या पोर इथे दिसली, तर तुला कामच नाही."

दुसऱ्या दिवशी ती पोरीला घेऊनच आली. ठेवणार कुठे बिचारी?

नेमका त्याच दिवशी राजा हत्तीवर बसून आला. बांध पुरा होत आला होता आणि मागे पाणी दूरवर पसरलं होतं. अबब! ते पाणी पाहून हत्तीवरचा माहूतसुद्धा उठून उभा राहिला.

मुकादमाची नजर मात्र झाडाखाली गेली. तो धावत आला. "उचल तिला आधी! आणि तूही चालती हो."

आईने लेकीला उचललं. गोधडी हाताला लागली आणि ती जागीच थबकली. गोधडी खालून ओली होती.

"पोरीनेच केली असेल," मुकादम म्हणाला.

"नाही दादा. पोरीचं दुपटं कोरडं आहे. आणि लेकराचं ओलं कोमट लागतं, हे गार आहे. हे तलावाचं पाणी आहे!"

तिने गवत बाजूला केलं. बांधाच्या बुडातून बोटाएवढी गढूळ धार येत होती. खाली सात गावं होती, माणसांनी भरलेली.

तिने कोणाच्या हुकमाची वाट पाहिली नाही. लेकीला पाठीशी बांधलं आणि हाक दिली, "माती आणा! दगड आणा!" मजूर धावले, शिपाई धावले. गुडघाभर चिखलात उभी राहून ती सांगत होती, इथे दाबा, तिथे तुडवा. पाठीवर लेक शांत झोपलेली! दुपार कलली तेव्हा धार बारीक झाली, मग थांबली. एवढा अजस्र बांध, एवढं अफाट पाणी, आणि त्याची गळती ओळखली एका आईच्या तळहाताने. राजाने पायातले जोडे काढले आणि तसाच चिखलात उतरून तिच्यापुढे उभा राहिला.

त्याने गळ्यातला मोत्यांचा हार काढला. "घे, बाई."

"महाराज, हार एकदाच मिळेल आणि मला एकटीलाच," ती म्हणाली. "त्यापेक्षा आम्हा सगळ्याजणींना रोजचं मापटं भरून द्या. आणि लेकरं इथे निजवू द्या."

राजाला आपलीच लाज वाटली. हार हातात तसाच राहिला. तो मुकादमाला म्हणाला, "आजपासून सगळ्यांचं मापटं एकच. आणि लेकरं इथेच निजतील."

त्या संध्याकाळी तिची टोपली पहिल्यांदाच एवढी जड झाली, की उचलायला दोन हात लागले. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि लेक सरळ मुकादमाच्या हातात दिली.

"धरा जरा, दादा."

मुकादम आधी खांबासारखा ताठ उभा राहिला. मग लेक कुरकुरली, तसा हळूहळू तिला झुलवू लागला.

तात्पर्य : काम पुरं घेतलं तर मोलही पुरं द्यावं, आणि लेकरू सांभाळून राबणारीला कधी अर्धी समजू नये.