टिचकीला मिळालेलं घर

त्या किनाऱ्यावरच्या खेकड्यांचं मागचं अंग मऊ होतं, आणि ते झाकायला लाटांबरोबर वाहून आलेल्या रिकाम्या शंखांवाचून दुसरं काही नव्हतं. उघडा खेकडा दिसला की कुरव पक्षी खाली उतरत.

मोठा शंख किनाऱ्याला लागला की खेकडे आपणहून रांग लावत, थोरला पुढे, धाकटा मागे. थोरला नव्या शंखात शिरे, त्याचा जुना दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला, असं होत होत शेवटच्या उघड्यालाही बेताचा शंख मिळून जाई. हे कोणी ठरवून दिलेलं नव्हतं, म्हणूनच बहुधा बरं चाललं होतं.

मग खेकड्यांच्या सभेला उघड्यांचा कळवळा आला. गरिबाने कायम दुसऱ्याचं उतरलेलंच का वापरावं, असं सभेचं म्हणणं पडलं. ऐकायला किती छान! यापुढे नवा शंख थेट उघड्यालाच मिळेल आणि मिळालेला शंख कोणी बदलायचा नाही, असा हुकूम निघाला.

टिचकी ही उघड्यांतली सगळ्यात चिमुकली. तिच्या वाट्याला सगळ्यात मोठा शंख आला. सभेने नांग्या वाजवून कौतुक केलं, दाराशी पहारेकरी बसवला आणि सभा उठून गेली. टिचकीला तो शंख ओढवेना. आत धरायला काही सापडेना. एवढ्या ऐसपैस जागेत ती उघडीची उघडीच राहिली.

बाहेर सवयीने रांग लागली. सगळ्यांची अंगं वाढली होती आणि शंख तेवढेच होते. मला आत येऊ दे, म्हणजे सगळेच एकेक घर सरकतील, असं थोरल्याने पहारेकऱ्याला परोपरीने सांगितलं. रांगेच्या टोकाच्या खेकड्याला दाटणारा शंख टिचकीच्या अगदी मापाचा होता.

"मला तो चिमुकला द्या हो," ती पहारेकऱ्याला म्हणाली. "हा परत घ्या."

"दिलेलं घर परत घेतलं तर सभेचा अपमान होतो."

डोकं आपटून घ्यावं, तर खाली सगळी वाळूच.

तेवढ्यात सावली पडली. रांग पांगली, पहारेकरी आपल्या शंखात गप्प झाला. कुरवाने मान सरळ आत घातली. दार प्रशस्त होतं, कुठे अडलं नाही.

पक्षी उडाल्यावर रांग हळूहळू पुन्हा जमली. पहारेकऱ्याने बाहेर येऊन नांगी आडवी धरली.

"मागे व्हा," तो म्हणाला. "हे टिचकीचं घर आहे."