ज्याची त्याची गाठ

खूप खूप वर्षांपूर्वी, हिमालयातल्या वाटांना अजून नावं पडली नव्हती तेव्हा, त्याच्या पायथ्याशी एक राज्य होतं. तिथल्या तरुण राजाने भर सभेत सांगितलं, "वडील ज्या शिखरावर जाऊन आले, तिथे मीही जाईन. मगच मुकुट घालीन."

वाट दाखवायला डोंगरातलीच एक बाई आली. पन्नाशीची, उन्हाने रापलेली. ती कुणालाच अहोजाहो करत नसे. राजाबरोबर त्याचा लहानपणापासूनचा सोबती होता, शिलेदार.

पहिल्या सकाळी बाईने दोघांपुढे दोर टाकला. "कमरेला गाठ मारा. ही अशी. एक फेरा, मग उलटा फेरा, मग टोक आत."

राजा हसला. "बाई, आमचे जोडेसुद्धा दुसरेच बांधतात."

"मग आधी तूच मार," ती म्हणाली. "वर हवा विरळ होते. माणसाचं डोकं फिरतं, आणि फिरलेल्या डोक्याला ते कळत नाही. बोटांना मात्र कळतं. म्हणून रोज सकाळी ज्याने त्याने आपली गाठ आपणच मारायची. एकाची जरी चुकली, तरी सगळ्यांनी खाली उतरायचं. आणि कुणी कुणाला हसायचं नाही."

आठ दिवस ते चालले. ओढे झाले, खिंड झाली, बर्फाचं मैदान झालं. रोज सकाळी बाई दोघांच्या गाठी ओढून बघायची. एकदा म्हणाली, "राजा, तुझी गाठ तुझ्यापेक्षा शहाणी दिसते!" तिघंही खूप हसले.

नवव्या सकाळी तंबूच्या दारातून शिखर दिसत होतं. राजाने दोर घेतला. एक फेरा... आणि मग? गाठ सुटली. पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा तो हातातल्या टोकाकडे नुसता बघत राहिला.

"महाराज, सांगू या तिला," शिलेदार हळूच म्हणाला. "शिखर काय पळून जातंय?"

"गप रे! इतकं समोर आलंय. तूच मार."

शिलेदार थबकला. पण आजवर त्याने कधी नाही म्हटलं नव्हतं. त्याने गाठ मारली.

बाईने गाठ ओढून पाहिली. मग राजाच्या तोंडाकडे पाहिलं. राजाने नजर चुकवली.

एकाच दोराला बांधून ते चढू लागले. पुढे बाई, मध्ये राजा, मागे शिलेदार. दुपारी शिखर दोनशे पावलांवर आलं. तेवढ्यात डावीकडे राजाला हिरवंगार कुरण दिसलं, आणि कुरणात त्याचा घोडा. त्याला काहीच नवल वाटलं नाही. 'अरे, तू इथे कसा?' असं पुटपुटत तो डावीकडे वळला.

"महाराज!"

शिलेदाराने झेप घेतली, त्याला मागे खेचून पाडलं आणि स्वतः पुढे गेला. त्याच्या पायाखाली जमीन नव्हतीच. पोकळीवर आलेला बर्फाचा छज्जा होता तो. आवाजसुद्धा झाला नाही. शिलेदार होता, आणि मग तिथे फक्त आभाळ होतं.

दोराला हिसका बसला. कंबर तुटते की काय असं राजाला वाटलं. बाईने लोखंडी टोकाची काठी बर्फात रोवली आणि ती तिच्यावर पालथी पडली. राजा डोळे फाडून बघत होता. कुरण नव्हतं. घोडा नव्हता. खाली खोल शिलेदार लोंबकळत होता, राजाच्या कमरेला स्वतःच मारलेल्या गाठीच्या आधारावर.

दोघांनी त्याला कसाबसा वर ओढला. त्याच्या उजव्या हाताचा मोजा गेला होता. बोटं गारठून मेणासारखी पांढरी पडली होती.

"राजा, तुझी गाठ कुणी मारली?" बाईने विचारलं.

राजाने गाठीवर हात ठेवला.

"मी," शिलेदार म्हणाला.

बाई रागावली नाही. तिने शिखराकडे पाठ केली. "उतरा."

वैद्याने शिलेदाराची चार बोटं कापली. त्याच बोटांनी त्याने राजाची गाठ मारली होती.

राजाने पुढे कधीच मुकुट घातला नाही. पण रोज सकाळी भर दरबारात तो कमरेला दोर बांधायचा, आणि शिलेदार डाव्या हाताने गाठ ओढून बघायचा. मगच कारभार सुरू व्हायचा.

अशी कितीतरी वर्षं गेली. एका सकाळी म्हाताऱ्या राजाची गाठ तीनदा सुटली. कुणीही हसलं नाही. राजाने दोर खाली ठेवला, तो सिंहासनावरून उतरला आणि त्याच दिवशी त्याने आपल्या मुलीला तिथे बसवलं.

मुलांनो, मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा : आपली चूक लपवणारा एकटाच पडत नाही, त्याच्या दोराला बांधलेल्यांनाही तो खाली ओढतो.