तळ्याचं सोंग

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. ज्यांनी मला ती सांगितली त्यांनीही वर्षं मोजली नव्हती.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराला पाठ लावून, मोठं तळं होतं. तळ्याला मातीचा रुंद बांध होता आणि बांधाच्या एका टोकाला सांडवा. सांडवा म्हणजे तळं भरलं की जास्तीचं पाणी बाहेर पडायची वाट. तिथून ते पाणी ओढ्यात उतरायचं आणि गावाला वळसा घालून नदीला मिळायचं. तळं गावाच्या डोक्यावर होतं, तरी गाव खाली निवांत झोपायचं, ते त्या सांडव्याच्या भरवशावर.

गावाचा पाटील मनाने चांगला होता. कुणाची चूल पेटली नाही असं कानावर आलं तर आपल्या ताटातलं धाडणारा माणूस. खोड एकच. तो प्रत्येक गोष्टीत लोकांना विचारायचा, "तुमास्नी काय वाटतं?" आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत आनंदाने म्हणायचा, "बराबर! मलाबी त्येच वाटतं!"

'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. पाटलाने तिचा पहिला अर्धा भाग गाळूनच टाकला होता. गंमत म्हणजे आपण सगळ्यांना विचारून कारभार करतो, याचाच त्याला मोठा अभिमान होता.

आता या गावाची एक रीत होती. सुगी झाली, देवीची जत्रा भरली, की दिवस कलताना देवळापुढच्या पारावर गावचा सोंगाड्या सोंगं काढायचा. आधी देवांची, मग राक्षसांची आणि शेवटी माणसांची. याच सोंगांची गाव वर्षभर वाट पाहायचं. ज्याचं सोंग निघेल त्याने रागवायचं नाही, उलट उठून सोंगाड्याच्या तोंडात गुळाचा खडा घालायचा. गूळ घातला की विषय संपला.

एका वर्षी दोन शेजारणींनी एका कोंबडीवरून अबोला धरला होता. सोंगाड्याने त्या कोंबडीचंच सोंग काढलं. कुंपणावर चढून ती बिचारी एकदा इकडे बघे, एकदा तिकडे, आणि विचारी, "बायांनो, मी अंडं घालू कुठं? मला कळ लागलीय!" हसून हसून लोकांची पोटं दुखली. त्या दोघी गूळ घेऊन एकदमच उठल्या आणि परतताना बोलत बोलत घरी गेल्या.

असा तो सोंगाड्या. सुगीला प्रत्येक घर त्याला टोपलीभर धान्य द्यायचं आणि त्याबद्दल कधी कुणी कुरकुर केली नव्हती.

मग एका जत्रेला त्याने पाटलाचं सोंग काढलं.

भलामोठा फेटा बांधून तो पारावर आला. लोकांकडे बघून म्हणाला, "तुमास्नी काय वाटतं? बराबर! मलाबी त्येच वाटतं!" मग खांबाला विचारलं. खांबाचंही तेच मत पडलं. शेवटी कुणाची तरी शेळी ओढून आणली आणि तिला मोठ्या अदबीने विचारलं, "तुमास्नी काय वाटतं?" शेळीने ओरडायला तोंड उघडलं मात्र, तोच हा गरजला, "बराबर!" शेळी बिचारी तोंड उघडं ठेवून त्याच्याकडे बघतच राहिली.

सारं गाव लोळायचं तेवढं बाकी होतं. पाटीलही हसला असता. हातात गुळाचा खडा तयारच होता. पण त्याची नजर बायकांच्या बाजूला गेली. तिथे पाटलीणबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते त्याला लागलं. गूळ तसाच मुठीत धरून तो उठला आणि चालता झाला. गावात असं आजवर कुणी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने गाव गोळा केलं.

"ह्यो गडी पिकवतो काय? नांगर धरतो? मडकं घडवतो? वहाण शिवतो? न्हाई! दुसऱ्याच्या नाकावर पोट भरतो. आजपासनं ह्याची टोपली बंद आन् सोंगंबी बंद. पुना वेशीच्या आत दिसला तर तंगडी मोडीन. तुमास्नी काय वाटतं?"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं.

"बराबर! मलाबी त्येच वाटतं!" पाटील म्हणाला.

सोंगाड्याने आपलं गाठोडं उचललं. वेशीपाशी वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली आणि तो नदीपलीकडच्या गावी जाऊन राहिला.

पुढच्या जत्रेला पाटलाने लांबून एक भाट बोलावला. त्याने पाटलाला सूर्य म्हटलं, चंद्र म्हटलं, कल्पवृक्ष म्हटलं. लोकांनी जांभया देत माना डोलावल्या. गावातली भांडणं आता हसण्यावारी जाईनात. एका फांदीवरून धरलेला अबोला वर्ष उलटलं तरी टिकायला लागला. खरं काही बोलायचं असेल तर लोक दार लावून, हळू आवाजात बोलू लागले. पाटलाला मात्र वाटलं, गाव कसं शहाण्यासारखं शांत झालंय.

त्या जत्रेनंतरच्या उन्हाळ्यात पाटलाच्या डोक्यात एक विचार आला. सांडव्यातून दरसाल केवढं पाणी वाया जातं! तो बुजवला तर तळ्यात दीडपट पाणी राहील आणि मोकळ्या झालेल्या ओढ्याच्या गाळात केळी काय फोफावतील!

"सांडवा बुजवू. तुमास्नी काय वाटतं?"

म्हाताऱ्या कुंभाराने तोंड उघडलं.

"बराबर!" पाटील म्हणाला.

कुंभाराने तोंड मिटलं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? ज्याचं ते कामच होतं, तो नदीपलीकडे बसला होता.

दगड आणि चिकणमाती घालून सांडवा बुजवला गेला. ओढ्यात केळीची बाग उभी राहिली. पाटील रोज सकाळी तिथे जायचा, लेकरांच्या डोक्यावरून फिरवावा तसा पानांवरून हात फिरवायचा. खरंच जीव लावला होता त्याने त्या बागेला.

पाऊस आला आणि यंदा जरा जास्तच रेंगाळला. तळं भरलं, मग तुडुंब भरलं. बांधाच्या काठोकाठ पाणी आलं. खाली गावात आया लेकरांना लांब खेळायला पाठवीनात. म्हातारी माणसं झोपताना एकदा बांधाकडे बघून घेत. सगळ्यांना कळत होतं आणि सगळेच गप्प होते. पाटलीणबाईंनी मात्र न राहवून एकदा नवऱ्यापुढे ताट ठेवताना स्पष्टच सांगितलं, "अवो, त्यो सांडवा उघडा."

पाटील ताटावरून उठला. "म्हंजी घरातबी माझं बरं बघवना व्हय?" आणि तो दिवसभर उपाशी राहिला.

पाटलीणबाई शहाण्या होत्या. त्या पुन्हा बोलल्या नाहीत. बांगड्या भरायला आलेल्या कासारणीबरोबर त्यांनी नदीपलीकडे निरोप धाडला : 'गावाला सोंग पाहिजे. लवकर ये.'

इकडे पाटलाने जलपूजन काढलं. असं तळं कधी भरलं नव्हतं, तेव्हा नारळ फुटलाच पाहिजे! उघडीप बघून सकाळीच अख्खं गाव बांधावर जमलं. भाटाने तळ्याला सागर आणि पाटलाला सागराचा राजा म्हणायला सुरुवात केली. लोक पायाखाली बघत उभे होते.

तेवढ्यात बांधाच्या टोकाकडून डफ वाजला.

कुणीतरी डुलत डुलत येत होतं. अंगाला चिखल फासलेला, डोक्यावर शेवाळाचा टोप, कमरेला पोत्याची भलीमोठी पिशवी बांधून केलेलं पोट, आणि तोंडावर आवळून बांधलेला फेटा. आधी कुणाला उमगलं नाही. मग कुंभार पुटपुटला, "अरं, हे तर तळं हाय!"

तो सोंगाड्याच होता. तंगडी त्याचीच मोडायची होती. पण त्याने पाटलाकडे पाहिलंसुद्धा नाही. डफ खाली ठेवून त्याने आभाळाकडे पाहिलं, हात पसरले आणि काठावरचं गवत उपटून पोटाच्या पिशवीत कोंबलं. पोट थोडं फुगलं. समाधानाने त्याने पोटावरून हात फिरवला. पुन्हा आभाळाकडे पाहिलं, पुन्हा गवत कोंबलं. आता त्याला जड झालं. ढेकर द्यायला गेला, तर तोंड बांधलेलं! त्याने डोळे असे काही फिरवले की एक लेकरू खुदकन हसलं. मग त्याची आई हसली. तो कोंबत गेला, फुगत गेला आणि बांधलेल्या तोंडाकडे बोट दाखवत ज्याच्या त्याच्यापुढे काकुळतीला येऊ लागला. कधी नव्हे ते गाव पुन्हा पोट धरून हसायला लागलं.

आणि पाटील? त्याचा हात काठीकडे गेला होता. पण ते तोंड, ते डोळे, ती ढेकर अडकल्याची तडफड! त्याच्या ओठांचा कोपरा हलला. त्याने मिशी चावून धरली. शेवटी राहवेना, आणि तो सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसला. सोंगाड्या गेल्यापासून तो असा हसलाच नव्हता, हे त्याला तेव्हा कळलं.

सोंगाड्याने शेवटची मूठ कोंबली. पिशवीची शिवण खालच्या बाजूने उसवली आणि गवताच्या काड्या बाहेर पडू लागल्या. त्याने घाबरून एका हाताने शिवण दाबून धरली, दुसऱ्या हाताने खाली बोट दाखवलं, गावाकडे. घरांकडे, देवळाकडे, पाळणाघरासारख्या दिसणाऱ्या त्या चिंचेकडे, जिच्या फांद्यांना आयांच्या झोळ्या टांगलेल्या असायच्या.

हसू थांबलं. पाटलाने त्या बोटाच्या रोखाने पाहिलं. बांधाच्या पायथ्याशी गढूळ पाणी झिरपत होतं.

तो लोकांकडे वळला.

"हे तुमास्नी ठावं हुतं?" त्याने विचारलं.

सगळ्यांच्या माना खाली.

"समद्यास्नी?"

"समद्यास्नी," पाटलीणबाई म्हणाल्या. "तुमाला सोडून."

"मग मला सांगितलं का न्हाई कुनी?"

म्हातारा कुंभार पुढे आला. "पाटील, तुमी इचारलंत. पर थांबला न्हाई."

पाटलाने पूजेचं ताट खाली ठेवलं, रानात निघालेल्या एकाच्या खांद्यावरची कुदळ ओढून घेतली आणि सांडव्याकडे धावला. पहिला घाव त्यानेच घातला. मागोमाग सारं गाव भिडलं. दगड निघाले, माती फुटली आणि अडवून ठेवलेलं पाणी मोठ्याने श्वास सोडून ओढ्यात कोसळलं.

ओढ्यात बाग होती. तरारून वाढलेल्या केळी एकामागून एक आडव्या झाल्या आणि पाण्याबरोबर गेल्या. पाटील बघत राहिला. डोळे पुसायची त्याला लाज वाटली नाही. पाटलीणबाई त्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. या वेळी त्यांच्या तोंडाला पदर होता तो हसण्यासाठी नव्हता.

तळ्याचं पाणी उतरू लागलं. पायथ्याचा झिरपा कमी झाला. बांध राहिला आणि गाव राहिलं.

सोंगाड्या अजून तसाच होता, पोट फुगलेलं आणि तोंड बांधलेलं. सोंग पुरं झाल्याशिवाय तो उतरवत नसे. पाटील त्याच्यापाशी गेला आणि चिखलाच्या हातांनी त्याच्या तोंडावरचा फेटा सोडला.

सोंगाड्याने लांबलचक, तृप्त ढेकर दिली.

रडता रडता गाव हसलं. पाटीलही हसला. मग त्याने पूजेच्या ताटातला गुळाचा खडा उचलून सोंगाड्याच्या तोंडात घातला.

"ह्यो तळ्याचा," तो म्हणाला. मग दुसरा खडा घातला. "आन् ह्यो माझा, त्या जत्रंचा ऱ्हायलेला. मी इचारलं हुतं, हा पिकवतो काय. आता सुगीला तुझी पैली टोपली माझ्या खळ्यातनं भरायची."

"भरा की पाटील," गूळ चघळत सोंगाड्या म्हणाला. "फकस्त केळी नगं."

त्यानंतर कधीतरी ओढ्याच्या वाहून गेलेल्या काठाचं काय करायचं, हे ठरवायला गाव पारावर बसलं. पाटील उभा राहिला आणि म्हणाला, "तुमास्नी काय वाटतं?"

लगेच त्याचे ओठ हलले. पण समोर सोंगाड्या बसला होता, कोपऱ्यात शेळीही होती. पाटलाने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं.

पारावर हशा पिकला. आणि मग एकेक करून लोक बोलू लागले.

तात्पर्य : ज्या गावाला आपल्या कलावंताचं हसणं सोसतं, त्या गावाचा बांध फुटत नाही.