पहिला घोट दुसऱ्याचा

"काय लागलं?"

"मनुका," आल्हाद म्हणाला. "काळ्या मनुका. मग जुना गूळ. मागून लाकूड... आणि अगदी शेवटी व्हॅनिला."

"आणि?"

"आणि भिजलेलं कातडं. घोड्याचं खोगीर असतं ना, तसं."

"घोड्यावर बसलायस कधी?"

"नाही."

"बरं. आणि?"

आल्हादने पुन्हा ग्लासात नाक घातलं. डोळे मिटले. असे मिटले, की बघणाऱ्याला वाटावं याला आता काहीतरी दिसणार.

फिलूमावशी समोर स्टुलावर बसली होती. गुडघ्यांवर हात, नजर त्याच्या तोंडावर. ती ग्लासाकडे कधीच बघत नसे.

वसईला केळीच्या वाडीमागे ही बिअरची ब्रुअरी. मागच्या थंड खोलीत चौदा लाकडी पिंपं आडवी निजलेली. आधी त्यांत नाशिककडची वाइन होती, आता काळी कडक बिअर. वर्ष, दीड वर्ष ती लाकडात मुरायची. इतकी कडक, की अर्ध्या ग्लासात माणसाने सासूला खरं काय ते सांगून टाकावं.

कुठलं पिंप कधी फोडायचं, ते मावशी ठरवायची. तिच्या कनवटीला एक खडू असे. पिंपावर आडवी रेघ मारली, की बिअर बाटलीत. गोल काढला, की अजून निजू दे. फुली मारली, की गटारात. फुली मारली म्हणजे मारली. मालक पाया पडला तरी पुसायची नाही.

आणि तिचा एक नियम होता. पहिला घोट ती कधीच घ्यायची नाही. जो कोणी समोर असेल, त्याला द्यायची. धुणारा, उचलणारा, ट्रकवाला, कोणीही. मग विचारायची, काय लागलं? आणि मग स्वतः एवढासा घोट घेऊन खडू काढायची.

लोकांनी त्याचं केवढं काय करून टाकलं. म्हणे केवढी नम्रता! म्हणे आधी दुसऱ्याला, मग आपल्याला! ऑफिसात कोणीतरी पाटीच लावली, 'पहिला घोट दुसऱ्याचा.' मावशीने ती पाटी वाचली आणि म्हणाली, "खिळा वाकडा ठोकलाय."

आता तिचे गुडघे गेले होते. उद्यापासून ती येणार नव्हती. अकरा वाजता मालक यायचा होता आणि खडू कोणाच्या हातात द्यायचा ते मावशी त्याला सांगणार होती. आल्हादच्या, नाहीतर बंगळुरूच्या एकाच्या. बंगळुरूवाला तर बॅग भरून बसला होता.

आल्हाद गोरक्षकर बेल्जियमला जाऊन शिकून आला होता. कागद होता त्याच्याकडे, शिक्का मारलेला. कार्डावर नावाखाली छापलं होतं, 'चव-परीक्षक'. आल्या आल्या त्याने मावशीला विचारलं होतं, "तुम्ही शंभरपैकी मार्क कसे देता?" आणि ती म्हणाली होती, "मी पास-नापास करते."

तेव्हा तो हसला होता. आता हसत नव्हता.

कारण आल्हादला वास येत नव्हता.

गणपती उठले आणि त्याला ताप आला. ताप उतरला तो नाक घेऊनच उतरला. त्याला कधी कळलं? लेकीला न्हाऊ घातलं, तिच्या टाळूवर ओठ टेकवले आणि काहीच नाही. भिंतीला ओठ लावल्यासारखं. त्या दिवशी तो बाथरूमचं दार लावून बसला. बायकोने विचारलं, काय झालं? म्हणाला, पोट बिघडलंय.

डॉक्टर म्हणाले, येईल. नाहीतर नाही येणार. वाट बघा.

आठ महिने तो वाट बघत होता. जिभेला गोड, आंबट, कडू कळत होतं. बाकीचं तो जुन्या वह्यांतून उचलत होता. शब्द सगळे पाठ. शब्दांना कुठे वास लागतो?

"आणि?" मावशीने तिसऱ्यांदा विचारलं.

"आणि... फुलं," आल्हाद म्हणाला. "सुकलेली. गुलाबाची असावीत."

दाराशी उभ्या हिरूने खांद्यावरचा पंचा नाकाला लावला.

हिरामण भोईर. वीस वर्षं पिंपं धुतोय. तो असा का उभा आहे, आल्हादला समजेना. त्याला वाटलं, सर्दी झाली असेल.

एवढ्यात माल्टच्या पोत्यांमागून मांजर आलं. उंदरांसाठी पाळलेलं, एरवी माणसाकडे ढुंकून न बघणारं. ते सरळ आल्हादकडे आलं, उडी मारून त्याच्या मांडीवर बसलं आणि त्याची बोटं चाटायला लागलं.

एक बोट. दुसरं बोट. मग ग्लासाचा तळ. मग पुन्हा बोट.

आल्हादने हात मागे घेतला. मांजर हाताबरोबर गेलं.

"हिरू," मावशी म्हणाली, "याला सांग ग्लासाला काय लावलंय ते."

हिरूने पंचा जरा खाली केला. "बोंबील, साहेब. सुका बोंबील. बाहेरून चोळलाय चांगला." पुन्हा पंचा वर. "गुलाब कुठनं काढलात तुम्ही?"

कोणी हसलं नाही. हिरूला हसू येत होतं, पण आल्हादचं तोंड बघून त्याने ते गिळलं.

"जा, बादलीभर पाणी आण," मावशी त्याला म्हणाली. "सावकाश आण."

हिरू गेला. खोलीत थंड हवेच्या मशीनची घरघर तेवढी राहिली. आणि मांजराची जीभ.

"किती महिने?"

"...आठ."

"बायकोला माहीत आहे?"

"नाही."

"मालकाला?"

"नाही. कोणालाच नाही." आल्हादने ग्लास खाली ठेवला. एप्रनची गाठ सोडायला हात मागे नेला. गाठ सुटेना. "तुम्हाला कधी कळलं?"

"दिवाळीत. ग्लास जवळ नेला की माणसाचं तोंड आधी बदलतं, घोट नंतर जातो. तुझं तोंड घोट गेल्यावर बदलायचं. तेसुद्धा ठरवून."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू बोलतोस का, बघत होते."

आल्हादला राग आला होता, आणि राग कोणाचा ते कळत नव्हतं. शेवटी एप्रन डोक्यावरून ओढून काढला आणि मांडीवर ठेवला. मांजर त्यावर बसलं.

"मी जातो, मावशी. मालक यायच्या आत जातो. नाक नसलेल्या माणसाने इथे काय करायचं?"

"बस."

"चिडवताय का मला? एवढा बोंबील चोळलात, मला चार माणसांत..."

"एक माणूस आणि एक मांजर."

"तरी पण! एवढा चोळायचा? हिरू दारातून आत येत नव्हता!"

"मग किती चोळायचा?" मावशी एकदम कडाडली. "मला कसं कळणार किती झाला? मांजर आलं तेव्हा थांबले मी!"

"म्हणजे?"

मावशीने नाकाच्या शेंड्यावर बोट आपटलं. दोनदा. दारावर टकटक करावी तसं.

"गंधक," ती म्हणाली. "रिकामं पिंप धुतलं की आत गंधकाची वात जाळतात. किडू नये म्हणून. धूर निघून जाईपर्यंत थांबायचं असतं. मी नाही थांबले. घातलं डोकं आत. अकरा वर्षं झाली."

"अकरा?"

"पावाच्या भट्टीवरून जाते, काही नाही. मोगरा हातात धरते, काही नाही. नवरा गेला तेव्हा त्याचा सदरा कपाटात ठेवला होता मी. काढून बघितला..." ती थांबली. "धुऊन टाकला मग."

आल्हादला हसू आलं. आधी नाकातून, मग पोटातून. थांबवता येईना. डोळ्यांतून पाणी, मांडीवर मांजर, हाताला बोंबील, आणि हा हसतोय. आठ महिने छातीवर धोंडा घेऊन फिरला होता. तो धोंडा आत्ता या स्टुलाखाली कुठेतरी गडगडत गेला होता.

"हस," मावशी म्हणाली. "मी वर्षभर रडले. तू आठ महिन्यांत सुटलास."

"पण मावशी, मग अकरा वर्षं... या रेघा, हे गोल... फुल्या!"

"एक तरी बाटली परत आली?"

"नाही."

"मग?"

"मग कशावर मारत होता तुम्ही खूण?"

हिरू बादली घेऊन आला. मावशीने साबणाकडे बोट केलं.

आल्हादने हात धुतले. दोनदा धुतले. मग ओले हात हिरूच्या नाकासमोर धरले. "गेला का?"

"एकदा अजून," हिरू म्हणाला.

आल्हादने तिसऱ्यांदा धुतले. हिरूने मान डोलावली.

"अकरा नंबर," मावशी म्हणाली.

आल्हादची मान ताठ झाली. अकरा नंबरात त्याची स्वतःची बिअर होती. इथे आल्यावर शिजवलेली पहिली. चौदा महिने निजलेली. तिच्यावर रेघ ओढली जावी म्हणून त्याने काय काय बोलायचं पाठ करून ठेवलं होतं.

त्याने पिंपाच्या तोंडावरचा बारीक खिळा उपटला. काळी धार ग्लासात आली. बोटभर झाली तसा खिळा परत ठोकला. ग्लास हिरूपुढे केला.

"हात लाव आधी," मावशी म्हणाली. "गार आहे ती. गार असली की तोंड उघडत नाही."

आल्हादने ग्लास दोन्ही तळव्यांत धरला. आजवर त्याने असं कधी केलं नव्हतं. धार पडली की घोट, घोट पडला की शब्द, हीच त्याची घाई. आता काय, शब्दच नव्हते. तो उभा राहिला. काच हळूहळू हाताएवढी कोमट झाली.

...

हिरूने हात पुढे केला. मांजराने मान वर केली.

"मांजर बाहेर काढ," मावशी म्हणाली. "आता माणसाचं तोंड बघायचंय."

आल्हादने मांजर उचलून दाराबाहेर ठेवलं आणि येऊन हिरूच्या समोर उभा राहिला. अगदी समोर.

"असे काय बघता, साहेब? पोरगी बघायला आल्यासारखे?"

"पी तू."

हिरूने ग्लास नाकाशी नेला. त्याच्या नाकपुड्या फुगल्या. भुवया सैल झाल्या. हे चांगलं होतं. आल्हादने स्वतःचा श्वास धरला.

हिरू प्याला. गालात फिरवली. गिळली. डोळे बारीक झाले, छातीत ऊब गेल्यासारखे. हेही चांगलं होतं.

मग... हिरूची जीभ वर टाळूला गेली. एकदा घासली. पुन्हा घासली. कच्चं केळं खाल्ल्यावर घासतात तशी. ओठ आत ओढले गेले. आणि ग्लासात अर्धा घोट उरला होता, तो त्याने उरू दिला.

"झकास!" हिरू म्हणाला. "साहेब, नंबर एक झालीय! एकदम फोडा!"

आल्हाद हिरूच्या तोंडाकडे बघत होता. हिरू बोलत होता आणि जीभ अजून टाळू घासत होती.

मावशीने कनवटीचा खडू काढला आणि पुढे धरला.

आल्हादने खडू घेतला. स्वतःच्या पिंपासमोर गेला. हात आडवा उचलला... आणि तसाच थांबला. मग मनगट फिरलं.

गोल.

"अजून चार महिने," तो म्हणाला. "लाकूड दातांत अडकतंय."

"मी तर झकास म्हटलं!" हिरू ओरडला.

"तू म्हणालास," आल्हाद म्हणाला. "तुझं तोंड नाही म्हणालं."

मावशी गुडघ्यांवर हात टेकून उठली. कनवट झटकली. खडूची पांढरी भुकटी खाली पडली. खडू तिने परत मागितला नाही.

बाहेर फाटक वाजलं. मालकाची गाडी आत आली. मांजर पळालं.

आल्हाद मावशीच्या मागे दारापर्यंत धावला.

"मावशी! मालकाला माझ्या नाकाचं सांगू की नको?"

मावशीने पायातली चप्पल सरळ केली.

"पहिला घोट त्याला दे. आणि तोंड बघ."