वेळेआधी पुकारलेली करवंटी

आपल्याकडे अजून झुंजुमुंजूही झालेलं नसतं, तेव्हा जिथे दिवस डोक्यावर आलेला असतो, त्या प्रशांत महासागरात लेमानु नावाचं एक बेट होतं, असं म्हणतात. नकाशात ते शोधू नये. गोष्टीत मात्र त्याची जागा पक्की आहे. भोवती प्रवाळाची भिंत, भिंतीला एकच खिंड, भिंतीच्या आत संथ हिरवं पाणी आणि बाहेर खोल समुद्र. आतल्या पाण्यावर गाव जगत असे.

बेटाच्या प्रमुखाला तुई म्हणत. ही पदवी एका घराण्यात चालत आलेली होती. कावाच्या मुळ्या कुटून केलेलं पेय नारळाच्या करवंटीत भरायचं आणि भर सभेत ज्याच्या नावाने ती करवंटी पुकारली जाईल, तो तुई. त्या दिवसापासून त्याचं जन्मनाव लोकांच्या तोंडी येत नसे आणि तो जिवंत असेतो ती पदवी कोणालाही, अगदी त्याला स्वतःलाही, उतरवता येत नसे.

तुईनं सभेत तोंड उघडू नये, असाही रिवाज होता. तो शेजाऱ्याच्या कानात हळूच सांगे आणि शेजारी ते साऱ्या गावाला ऐकू जाईल असं बोले. त्या शेजाऱ्याला ‘आवाज’ म्हणत. या गोष्टीतला आवाज म्हणजे तालोआ. काठी खांद्याला लावून तो किनाऱ्यावर उभा राहिला की त्याचं बोलणं आतलं पाणी ओलांडून पार प्रवाळाच्या भिंतीपर्यंत जाई. समुद्रपक्षी त्या आवाजावर पंख न हलवता तरंगत, असं म्हणतात. त्याची बायको मात्र शेजारणींना सांगे, “घरी याला मीठ मागायलासुद्धा तोंड नाही.”

एका वर्षी मोठं वादळ आलं. माड मुळांसकट उपटून ढगांत गेले. नीरफणसाचं एकही झाड उभं राहिलं नाही आणि अळूच्या खाचरांत खारं पाणी शिरलं. धड राहिलेली एकच उलांडी होडी होती, म्हणजे तोल राखायला बाजूला आडवं लाकूड, उलांडी, बांधलेली. म्हाताऱ्या तुईनं थोरला मुलगा इलिका याला त्या होडीतून आजोळच्या बेटावर धाडलं. खायला आणायचं आणि नीरफणसाची रोपं आणायची, एवढंच काम.

इलिका गेला आणि मागे तुईनं अंथरूण धरलं. शेवटी त्यानं तालोआला जवळ बोलावलं.

“इलिका येईपर्यंत माझं नाव दुसऱ्या कोणाला देऊ नकोस.”

“नाही देणार,” तालोआ म्हणाला.

तुई गेला आणि रिवाजाप्रमाणे पाणी बांधलं गेलं. किनाराभर खुंट ठोकून त्यांना केवड्याची पानं बांधली, म्हणजे आतल्या पाण्यात कोणी जाळं टाकायचं नाही, कालवंसुद्धा काढायची नाहीत. नवा तुई पुकारला जाईपर्यंत हे बंधन. एरवी त्यात जड काही नव्हतं. लोक अळकुड्या आणि नीरफणस खाऊन दुखवटा पाळत. या खेपेला जमिनीवर काही उरलंच नव्हतं आणि बाहेरच्या समुद्रात जायला होडी नव्हती. पाणी मोकळं करण्याचा अधिकार फक्त तुईचा, आणि तुई नसताना आवाजाला एकच अधिकार, पुढची करवंटी पुकारण्याचा. साऱ्या गावाची भूक अशी एका माणसाच्या जिभेवर येऊन बसली.

तालोआ रोज खिंडीकडे पाहत राही. लोक झाडांच्या साली उकळू लागले. एके सकाळी नाउला आत्या त्याच्या दारात आली. ती मेलेल्या तुईची बहीण. त्या बेटांवर बापाच्या बहिणीचा मान बापाहून मोठा. तुईसुद्धा तिच्यासमोर खाली बसे. बरोबर तिची नातसून होती आणि नातसुनेच्या कडेवर रडायचं थांबलेलं मूल.

“काय रे आवाजा, जिभेला मुंग्या आल्या का?”

“आत्याबाई, मी शब्द दिलाय.”

“कोणाला? माझ्या भावाला. त्याला आता भूक लागत नाही.”

“इलिका येईल.”

“येईल की. बापावर गेलाय तो, जेवणं उरकली की यायचा. हे मूल तोवर थांबतंय का, तेवढं त्यालाच विचार.”

मुलाच्या नाकावर माशी बसली होती आणि ते हात हलवत नव्हतं.

“सेमोला पुकार,” नाउला म्हणाली. सेमो हा इलिकाचा धाकटा भाऊ. “पोरगा वाईट नाही.”

“वाईट नाही, आत्याबाई. पण ते नाव त्याचं नव्हे.”

“मग भुकेच्या नावानं पुकार. सध्या राज्य तिचंच आहे.”

तालोआनं त्या मुलाच्या नाकावरची माशी उडवली आणि काठी घेऊन तो सभेच्या जागी गेला. सेमो काही केल्या येईना. “काका, दादा आला की मी त्याच्यासमोर कसा बसू?” असं तो पुन्हापुन्हा विचारत होता. शेवटी आत्यानं त्याला हाताला धरून चटईवर बसवलं. तालोआनं करवंटी पुकारली. सेमो प्याला, आणि तुई झाला.

मग खुंट उपटले. उपटलेले खुंट पानांसकट ओहोटीला सोडून द्यायचे, ते खिंडीतून बाहेर वाहत जात. दुखवटा अशा रीतीने समुद्राकडे परत जाई. लोक जाळी घेऊन पाण्यात धावले. मासे इतके लागले की काही आपणहून वाळूवर उड्या मारत होते, असं म्हणतात. ते मूल माशाची पेज प्यालं आणि मोठ्यानं रडू लागलं. त्या रडण्यावर सारं गाव हसलं. या आख्यायिकेची जितकी रूपं मिळतात, त्यांतल्या एकातही त्या दिवशी जेवलेल्यांना दोष दिलेला नाही.

त्याच दुपारी खिंडीपलीकडे शीड दिसलं.

इलिकाची होडी रोपांनी भरलेली होती. तो अजून बाहेरच्या पाण्यात होता, तेव्हा ओहोटीबरोबर वाहत आलेला एक खुंट उलांडीला अडकला. त्यानं तो उचलून पाहिला. खुंट ठोकला गेला म्हणजे बाप गेला, आणि उपटून सोडला म्हणजे बापाच्या जागी कोणी बसला. दोन्ही गोष्टी त्याला एकाच लाकडानं सांगितल्या. आपण किनाऱ्याला लागलो तर निम्मं गाव आपल्या बाजूनं उभं राहील आणि निम्मं धाकट्याच्या, हेही त्याला कळलं असणार. तो खिंडीच्या तोंडाशी थांबला. त्यानं एकेक रोप काथ्याच्या गुंडाळीसकट पाण्यात ठेवलं, कंदांच्या टोपल्या प्रवाळाच्या भिंतीवर रचल्या आणि होडी वळवली.

किनाऱ्यावर सेमो उठून उभा राहिला. तुईनं चारचौघांत बोलू नये, हे तो विसरला.

“काका, बोलवा त्याला.”

लोकांनी माना खाली घातल्या. तालोआ म्हणाला, “मी बोलावलं तर ती तुईची आज्ञा होईल. थोरला भाऊ धाकट्याच्या आज्ञेनं येईल का?”

“मग तुमच्या आवाजात बोलवा.”

तालोआनं काठी गुडघ्यावर मोडली. आवाजाची काठी मोडली की तो कोणाचाच आवाज राहत नाही. तो पाण्यात शिरला आणि त्यानं हाक मारली, “इलिका, बाळा, माझं चुकलं. परत ये.” पण उभ्या आयुष्यात तो स्वतःचं असं मोठ्यानं काही बोललाच नव्हता. ती हाक एवढी बारीक निघाली की जवळच्या जाळ्याशी उभ्या असलेल्या बायकांनाही ती नीट ऐकू आली नाही. तो हाक मारत पुढे गेला, कमरेइतक्या पाण्यात, मग गळ्याइतक्या, मग पोहत भिंतीवर जाऊन उभा राहिला. शीड तोवर बोटाच्या नखाएवढं झालं होतं.

रोपं भरतीबरोबर आत आली. प्रत्येक रोप पाण्यात ताठ उभं होतं, एकाही पानाला खारं पाणी लागलं नव्हतं, आणि ती आपापल्या घरासमोर जाऊन टेकली, असं म्हणतात. तालोआ मात्र माघारी आला नाही. तो भिंतीवरच राहिला. सेमो त्याला कंद पाठवी. आतल्या पाण्यातला मासा त्यानं कधी खाल्ला नाही. तो हाक मारत राहिला. अंग झिजत गेलं तशी हाक मोठी होत गेली आणि अखेर तिथे एक भोक पडलेला खडक उरला. भरतीचं पाणी त्यात शिरलं की आजही लांबवर घुमतं. हे उत्तरेकडच्या वाडीचं सांगणं. दक्षिणेकडच्या वाडीत म्हणतात की तालोआ चारचौघांसारखा मेला, खडक आधीपासूनच तिथे घुमत होता, फक्त त्याआधी कोणी तो कान देऊन ऐकला नव्हता. इलिका आजोळच्या बेटावर साध्या माणसासारखा जगला, यावर दोन्ही वाड्यांचं एकमत आहे.

सेमो चांगला तुई झाला. चटईच्या मधोमध तो कधी बसला नाही. एका कडेला बसे. मरताना त्यानं नव्या आवाजाच्या कानात सांगितलं, “मी गेलो की त्या खडकाखालचं पाणी बांधू नका. तेवढं भुकेसाठी राहू दे.”

नव्या आवाजानं विचारलं, “हे तेव्हा का नाही सुचलं?”

“तेव्हा आम्हाला बांधलेलं पाणी आणि मोकळं पाणी, एवढंच ठाऊक होतं,” तुई म्हणाला. “थोडं पाणी मोकळं ठेवता येतं, हे आमच्यातल्या कोणाच्याच डोक्यात आलं नाही. आलं असतं तर माझा भाऊ घरी असता.”

आसपासच्या बेटांवर आजही प्रमुख गेला की सगळं पाणी बांधतात. लेमानुवर खडकासमोरची एक पट्टी खुंटांविना सोडतात. तिला ‘तालोआचा वाटा’ म्हणतात. तिथे कोणीही मासे धरावेत, कोण कुठल्या घरचा हे विचारत नाहीत. आणि घराण्यातला प्रत्येक मुलगा घरी परतल्याशिवाय करवंटी पुकारत नाहीत, मग त्यात किती का पावसाळे जाईनात. तोवर तुईची चटई रिकामी असते, आवाज गप्प असतो, आणि तालोआच्या वाट्यात लहान पोरं गुडघाभर पाण्यात उभी राहून मासे धरत असतात.