वेशीवरचं गाणं

“...मग भाव आणायचा तरी कुठून?” वसमतकर सरांनी विचारलं.

चतुराबाई ओट्यावर ज्वारी निवडत होत्या. सुपातून नजर न काढता म्हणाल्या, “माझ्याकडं तर ज्वारीच हाय.”

सरांमागे उभ्या असलेल्या सोळा मुली फिसकन हसल्या. सरांनी वळून डोळे वटारले.

वसमतकर सर गावच्या शाळेत संगीत शिकवत. विशारद झालेले. स्वर कणभर ढळला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडे. यंदा मुक्तिदिनाला शाळेनं वेशीवरचं गाणं म्हणायचं ठरवलं होतं. चाळीसेक वर्षांपूर्वी, तिरंग्यावर बंदी होती तेव्हा, गावातल्या सात बायका हे गाणं म्हणत झेंडा घेऊन निघाल्या होत्या. पोलीस आवाजावरून हेरून एकेकीला गाडीत घालत गेले. गाणं मात्र वेशीपर्यंत पोचलं, असं गाव सांगतं.

त्या सातजणींतल्या आता चतुराबाईच उरल्या होत्या. आधीच्या दोन मास्तरांचं गाणं ऐकून त्या म्हणाल्या होत्या, “हे आमचं न्हाई.” दोन्ही वेळा गाणं रद्द झालं. त्यांचा शब्द मोडायची गावात कुणाची प्राज्ञा नव्हती.

“दोन महिने घासून घेतलंय,” सर म्हणाले. “आवाज कुठं चढवायचा, कुठं हळवा करायचा, मूठ कुठं वळायची, सगळं बसवलंय. तरी हेडमास्तर म्हणतात, कोरडं वाटतं.”

“मूठ कुठं वळायची ते बी सांगितलं?”

“तिसऱ्या कडव्याला.”

“बरं केलं... आमाला कुनी सांगितलंच न्हवतं.”

टोमणा सरांना झोंबला. त्यांनी पेटी उघडली. “आधी ऐका तर खरं, मावशी. मग बोला.”

मुली दोन रांगांत उभ्या राहिल्या. मंजिरीनं सुरुवात केली.

“सोड वाट, वेशी, आम्ही गात निघालो...”

मंजिरीचा आवाज असा, की ऐकून माणसं सायकलवरून उतरत. सरांनी चतुराबाईंकडे पाहिलं.

चतुराबाईंनी सूप बाजूला ठेवलं. पदर झटकून उठल्या. मंजिरीचं मनगट धरलं आणि तिला घरात नेऊन बसवलं.

“आत शेंगा हायत. खा. पर तोंडातून शब्द न्हाई.”

त्या बाहेर आल्या. गाणं थांबलं होतं.

“कामून थांबलात?”

“अहो, ती मुख्य गायिका आहे,” सर म्हणाले. “तिच्यामागून बाकीच्या...”

“म्हणा.”

मुलींनी सरांकडे पाहिलं. सरांनी सूर दिला. दुसरीनं चाचरत ओळ उचलली. चतुराबाईंनी तिचं मनगट धरलं.

मग तिसरी. मग चौथी.

दर वेळी गाणं लडखडे, दर वेळी मुली सरांचं तोंड बघत. पण सहावी गेली तेव्हा सातवीनं अर्ध्यातूनच ओळ पकडली. तिनं सरांकडे पाहिलं नाही. पुढं कुणीच पाहिलं नाही. एक ओढली जाई, तोवर दुसरी चढ्या आवाजात पुढची ओळ घेई. बसवलेलं सगळं विस्कटलं.

“मावशी, लय गेली.”

“जाऊ द्या.”

मग चतुराबाईंनी पेटीचा भाता मिटला, पेटी काखेला मारली आणि आत नेऊन ठेवली.

“ही बी गेली.”

अखेर मागच्या रांगेतली, कोपऱ्यातली द्वारका एकटी राहिली. तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

“हिचा आवाज कुठाय?”



“सरांनी सांगितलंय, नुसते ओठ हलवायचे,” द्वारका म्हणाली. हजेरीला आपला नंबर सांगावा, तसं तिनं सांगितलं. “मी बेसूर आहे.”

“एका आवाजानं सगळं नासतं, मावशी. पंधराजणींची मेहनत...”

चतुराबाईंनी सरांचं मनगट धरलं.

हात चांगलाच घट्ट होता. सरांना कळेपर्यंत ते उंबऱ्याच्या आत होते आणि बाहेरून कडी लागली होती.

आत अंधार. पंधरा मुली, पेटी आणि शेंगा फुटल्याचा आवाज.

बाहेर काहीच नाही...

मग एक आवाज आला. चिरका, सपाट. “सोड वाट, वेशी...” पहिलाच स्वर चुकला. दुसरा तर सप्तकात कुठं बसेना. पण ती थांबली नाही. श्वास पुरेना, तर शब्दाच्या मधेच घेतला आणि उरलेला शब्द दुप्पट जोरानं फेकला.

शेंगा फुटायच्या थांबल्या.

सरांना राहवेना. तिला निदान सूर तरी द्यावा म्हणून त्यांनी चाचपडत पेटीकडे हात नेला. मंजिरीनं अंधारात त्या हातावर आपला हात दाबून धरला.

“नको, सर.”

द्वारका शेवटच्या कडव्यापर्यंत गेली.

कडी निघाली. चतुराबाई परत सुपापाशी जाऊन बसल्या होत्या. द्वारका अंगणाच्या मधोमध धापा टाकत उभी होती.

सर उंबऱ्यावर आले. मग म्हणाले, “मुक्तिदिनाला म्हणू ना आम्ही?”

“ही पुढं असंल तर म्हणा.”

“ती...” सरांनी आवाज उतरवला. “मावशी, तिला खरंच सूर नाही हो.”

चतुराबाईंनी सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला.

“सुरात गाणाऱ्यांना आधी नेतात, मास्तर.”